कोपऱ्यातल्या पंपासाठी सह्या

नव्वदीच्या सुरुवातीला एका उन्हाळ्यात आम्ही गाडी घेऊन ऑस्ट्रियाला गेलो आणि तिथून मी डोक्यात एक किडा घेऊन परत आले. एका खेड्यातल्या पंपावर रेपसीडच्या, म्हणजे मोहरीच्या जातीतल्या बियांच्या, तेलापासून केलेलं डिझेल मिळत होतं. ते आमच्या गाडीत भरलं आणि मागून भजी तळल्यासारखा वास यायला लागला. मुली नाक दाबून हसत होत्या. मी मात्र विचार करत होते, की इंग्लंडात मे महिन्यात आमच्या लेस्टर गावाच्या बाहेर पडावं तर जिकडेतिकडे याच रेपसीडची पिवळीधमक शेतं, मग आमच्या पंपावर हे का मिळू नये?

हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. तेलकंपन्यांना पत्रं लिहिली. सगळ्यांची गोड उत्तरं आली, की आभारी आहोत, पण सध्या मागणी नाही. मागणी नाही म्हणजे काय? मी मागतेय ना! आमचे हे हॉस्पिटलमधून दमून आले, की मी पानं वाढता वाढता त्यांना ती उत्तरं वाचून दाखवायची. ते मान हलवायचे आणि आमटी मागायचे.

घराजवळच्या पेट्रोल स्टेशनचा मालक म्हातारा इंग्रज होता, मोजकं बोलणारा. त्याच्या आवारात कोपऱ्यात रॉकेलचा एक जुना पंप होता, घरोघरी सेंट्रल हीटिंग आल्यापासून बंद पडलेला. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी माणसं येऊन त्याची टाकी काँक्रीटने बुजवणार होती. मी त्याचा इतका पिच्छा पुरवला, की शेवटी तो म्हणाला, हे डिझेल मिळालं तर इथेच भरू असं म्हणणाऱ्या शंभर गिऱ्हाइकांच्या सह्या आण. मग टाकी ठेवतो आणि सप्लायरशी बोलतो. एकदा ती बुजली की नवी घालणं त्याला परवडणारं नव्हतं.

शंभर सह्या म्हणजे आपल्या मराठी मंडळींत एका संध्याकाळचं काम, असं मला वाटलं. शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आमचा गणपती बसायचा. आरती झाल्यावर मी प्रसादाच्या टेबलाशी क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिले. सुरुवात घरापासून म्हणून पहिली सही ह्यांची घेतली आणि कागद रांगेत सोडला. प्रसाद घ्यायचा, सही करायची. दीडशे माणसं जेवून गेली. मी अगदी हवेत होते.

दुसऱ्या दिवशी मालकाने कागद चष्म्याजवळ धरून मोजला. अडतीस. प्रत्येक ओळीत एका डॉक्टरसाहेबांची ऐटबाज सही आणि पुढे 'अँड फॅमिली'. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर लिहावं तसं, घरटी एक नाव टाकून सगळे मोकळे झाले होते. मालक म्हणाला, यातले एकही साहेब मी कधी पाहिले नाहीत, माझ्याकडे येतात त्या बायका. ते खरंच होतं. मुलांना शाळेत सोडणं, बेलग्रेव्ह रोडवरून भाजी आणणं, टाकी भरणं हे सगळं आम्हीच करायचो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातात तीन आठवडे उरले होते. मी शेजारच्या इंग्रज घरांत गेले, बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानदारांकडे गेले, त्यांच्या व्हॅन होत्या. त्यांनी पटापट सह्या केल्या. अडलं ते आपल्याच बायकांपाशी. एका मैत्रिणीने दारातच सांगितलं, "अगं, ह्यांनी ऑलरेडी साइन केलंय ना? मग परत माझी कशाला?"

मी तिला विचारलं, थंडीत नळी धरून पंपावर कोण उभं राहतं? तिने कागद ओढून घेतला आणि सही केली. पुढे हेच वाक्य मी दारोदार फेकत सुटले. बायकांना स्वतःचं नाव लिहायची सवय नाही, नवऱ्याच्या मागे लपायला बरं वाटतं, असं बरंच काही बोलले. घरी पाय टिकत नव्हता. मुली फ्रोझन पिझ्झावर जगत होत्या.

पन्नाशीत ड्रायव्हिंग शिकलेल्या एक काकू होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, सावकाश सही केली आणि म्हणाल्या, "गणपतीच्या दिवशी मी ह्यांच्या शेजारीच उभी होते हो. पण तू कागद माझ्यापुढे धरलाच नाहीस."

मला पुढच्या घरी जायची घाई होती. गर्दीत राहिलं असेल, म्हणून मी निघाले.

शेवटच्या शनिवारी मी कागदांची चळत मालकापुढे ठेवली. 'अँड फॅमिली'वाल्या ओळी त्याने आधी खोडल्या आणि मग मोजलं. एकशे चार. त्याने तिथल्या तिथे फोन फिरवून सोमवारच्या माणसांना येऊ नका म्हणून कळवलं. माझे डोळे भरून आले. मग पुन्हा कागद चाळत त्याने विचारलं, की यात तुझी सही कुठली?

मी पहिला कागद काढला आणि पहिल्या ओळीवर ठामपणे बोट ठेवलं. ती ह्यांची सही होती, आता खोडलेली. तिच्यापुढे 'अँड फॅमिली' होतं, आणि ते ह्यांनी लिहिलेलं नव्हतं. ते अक्षर माझं होतं. कागद रांगेत सोडण्याआधी मीच ते सवयीने लिहिलं होतं आणि मागच्या सगळ्यांनी ते पाहून गिरवलं होतं.

ते डिझेल आमच्या भागात यायला पुढे बरीच वर्षं लागली, तोवर आमची ती गाडी भंगारात गेली. पण त्या शनिवारी मालकाने पेन पुढे केलं आणि मी शेवटच्या बाईच्या सहीखाली, एकशे पाचवी, माझी सही केली.