गोलामागची हाक

आमच्या वणीत गोलकीपरला कोणी गोलकीपर म्हणत नसे. तो गोली. आणि गोली म्हटलं की माणूस एकच, जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या साली आम्ही दोघं एकाच दिवशी फुटबॉल संघात आलो. मी कापसाच्या जिनिंगमधला कारकून, डोक्यानं गरम अन् पायानं बरा, म्हणून मला फुलबॅक केलं. तो अंगानं किरकोळ, पण चेंडू त्याच्या हातात असा विसावायचा की जणू घरी आला. चांद्याचे लोक लॉरी भरून यायचे आणि तोंडं पाडून परत जायचे. असा गोली मी पुन्हा पाहिला नाही, आणि आता पाहायची हौसही नाही.

मैदान गावाबाहेर होतं. पूर्वी तिथं बैलांवर धान्य-मीठ लादलेले तांडे मुक्कामाला उतरायचे. उत्तरेकडच्या गोलामागं दगडांचा एक ढीग होता आणि त्याच्या मागं कोणाच्या तरी तुरीचं शेत. सामना सुरू व्हायच्या आधी गोली एक दगड उचलून त्या ढिगावर ठेवायचा. मी विचारलं तर म्हणाला, त्याच्या आजानं शेवटचं ओझं इथंच उतरवलं, अन् तो उठलाच नाही. आम्ही त्याची खूप टिंगल केली. तो हसायचा आणि दगड ठेवायचाच.

तीन-चार वर्षांनी कापूस वेचणीच्या दिवसांत पऱ्हाटीच्या काडीचं टोक त्याच्या उजव्या डोळ्यात गेलं. डोळा दिसायला धड राहिला, पण त्यातून दिसेना. हे त्यानं फक्त मला सांगितलं. संघात कळलं तर त्याला गोलातून काढतील याची त्याला मरणापेक्षा जास्त भीती होती. उपायही त्यानंच काढला. तांडा चालताना सगळ्यात मागचा माणूस एक लांब ‘हो’ द्यायचा, म्हणजे पुढच्यानं समजायचं की न दिसणाऱ्या बाजूला बैल भरकटला. ही हाक तो लहानपणी आजाकडून शिकला होता, ती त्यानं मला शिकवली. चेंडू उजवीकडून आला की मी हाक द्यायची आणि त्यानं त्या बाजूला झेप घ्यायची. माझी हाक काही त्याला पसंत नव्हती. म्हणायचा, तुह्या हाकेले लांबीच नाही बे, मरतुकड्या बैलावानी अर्ध्यात बसते.

तरी त्या अर्ध्या हाकेवर तो दोन वर्षं खेळला आणि त्याचं नाव यवतमाळपासून नागपूरपर्यंत गेलं. नाव त्याचं, घसा माझा. खोटं कशाला बोलू, मी जळलो. राबावं एकानं अन् मिरवावं दुसऱ्यानं, तशी माझी गत. त्यातच चांद्याशी अंतिम सामना ठरला आणि कळलं की नागपूरच्या एका मोठ्या क्लबातले दोघं त्याला पाहायला येणार. पसंत पडला तर तिथं नोकरी आणि खेळ दोन्ही. सकाळी तो मला म्हणाला, आज हाक नीट दे. मी हो म्हणालो आणि मनात ठरवलं की आज तोंड उघडायचं नाही.

पहिल्या अर्ध्यात आमचा गोल दक्षिणेला होता. उजवीकडून चेंडू आला, मी पाहिला, दात आवळून गप्प राहिलो. गोल झाला. गोलीनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. त्या पाहण्याची लाज मला आजही वाटते.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि तो उत्तरेच्या गोलात आला. ऊन कललं होतं, वारा पुरता पडला होता. चांद्याचा कॉर्नर, तोही उजवीकडून. मी गप्प. आणि गोलाच्या मागून हाक आली. लांब, संथ, संपतच नाही अशी. गोलीनं उजवीकडं अंग टाकलं आणि चेंडू पकडला. मी वळून पाहिलं. दगडांचा ढीग होता, तूर होती, तुरीचं एक पान हलत नव्हतं. मी स्वतःचा गळा चाचपला. आम्ही उत्तरेला असेतो ती हाक चार वेळा आली आणि चारही वेळा त्यानं चेंडू पकडला. बाकी कोणी मान वळवली नाही. शेवटी आम्ही दोन गोल करून जिंकलो. नागपूरकरांनी त्याला जागच्या जागी विचारलं. त्यानं हात जोडले आणि नाही म्हणाला.

मला वाटलं, माझ्यासाठीच नाही म्हणाला. ती हाक माझीच समजून, तिथं हाक द्यायला मी नसणार म्हणून. मी न दिलेल्या हाकेपायी त्यानं नशीब लाथाडलं, आणि मी तोंड शिवून बसलो. सांगायची हिंमतच झाली नाही. पुढं त्याचं खेळणं थांबलं आणि तो गावातल्या पोरांना गोलात उभं राहायला शिकवू लागला. आमच्याकडचा कोणताही गोली पाहा, कॉर्नरच्या आधी तो मान वळवून उजवा कान जरासा मागं करतो. बाहेरगावचे हसतात. का करता म्हणून पोरांना विचारलं तर त्यांनाही सांगता येत नाही.

सात-आठ वर्षं मी हे पोटात ठेवलं. मग एका दुपारी तो त्या ढिगाजवळ बसलेला दिसला, तेव्हा राहवलं नाही. शेजारी बसलो आणि सगळं ओकलो. जळलो, गप्प बसलो, ती हाक माझी नव्हती, माझ्यापायी तुझं नागपूर गेलं.

तो शांतपणे दगड सरळ करत राहिला.

“मले माहीत आहे. तुह्या हाकेले एवढी लांबी कुठची?”

“मंग नागपूरले काहून नाही गेला बे?”

त्यानं तुरीकडं पाहिलं.

“हाक देणारा इथंच होता ना,” तो म्हणाला. “त्याले एकट्याले सोडून कसा जाऊ?”