बॉयलरसमोरची प्रार्थना

अक्कलकोट रस्त्यालगतच्या एका टॉवेल कारखान्यात बॉयलरची खोली आणि शिलाई खातं यांच्यामध्ये एकच विटांची भिंत आहे. भिंतीच्या एका बाजूला बायका दिवसभर टॉवेलच्या कडा शिवतात. दुसऱ्या बाजूला शांतवन लोंढे स्टुलावर बसून एका काचेकडे बघतो. त्याला पगार मिळतो तो मुख्यतः या बघण्याचा.

काच बॉयलरच्या अंगावर उभी बसवलेली आहे, वीतभर उंचीची. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. अर्ध्यावर असलं की ठीक. खाली सरकू लागलं की शांतवनने पंप चालू करायचा. ते नजरेआड झालं तर मात्र पंपाला हात लावायचा नाही, कारण तोवर आतल्या नळ्या तापून लाल झालेल्या असू शकतात. त्यांच्यावर पाणी पडलं की एका क्षणात त्याची वाफ होते आणि बॉयलर फुटतो. बॉयलर फुटला तर विटांची भिंत राहत नाही. अशा वेळी जाळ ओढून बाहेर काढायचा आणि सगळं आपोआप थंड होईपर्यंत थांबायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं.

शिलाई खात्यातल्या बायकांना हे माहीत नव्हतं. शांतवनला माहीत होतं. त्याने परीक्षा देऊन बॉयलर चालवण्याचा दाखला मिळवलेला आहे.

लोंढे कुटुंब मूळचं मोडनिंबकडचं. शांतवनचे आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, तेव्हापासून घर सोलापुरात. शांतवन आता चाळिशीच्या पुढे आहे. अंगाने किरकोळ, बोलणं कमी. त्याच्या घरात सकाळी कामावर निघताना एक रीत पाळली जाते. तो, बायको रेश्मा आणि मुलगी ऋतुजा उंबऱ्याशी उभे राहतात आणि दिवसभरासाठी आत्मिक शस्त्रं अंगावर चढवतात. डोक्याला हात लावून तारणाचं शिरस्त्राण, छातीला हात लावून नीतिमत्त्वाचं चिलखत, मग कमरेला सत्याचा पट्टा. ऋतुजा डावा हात पुढे धरून "ढाल!" असं ओरडते. पाहुण्यांना हा खेळ वाटतो. घरातल्यांना तो खेळ वाटत नाही. मोह, शंका आणि भुलावण ही दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची वाट बघत असतात, आणि उघड्या अंगाने त्यांच्यात जायचं नसतं, असं त्यांना शिकवलेलं आहे.

शिकवलं नीलम्माने. अक्कलकोटकडच्या लिंगायत घरातली ही म्हातारी तरुणपणी ख्रिस्ती झाली आणि गेली कित्येक वर्षं वस्तीतली बुधवारची प्रार्थनासभा चालवते. कन्नड वळणाचं मराठी बोलते, आणि कुणाचं मन राखायला फारशी जात नाही. तिला सगळे अव्वा म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी शांतवनचा थोरला भाऊ अमृत काविळीने गेला. त्याच्यासाठी सभेने उपास धरले होते. माणसं पाळीपाळीने गुडघ्यांवर बसली होती. शांतवनने तर भाऊ बरा झालाच असं धरून देवाचे आभारही आधीच मानून टाकले होते. अमृत गेला, आणि दफन झाल्यावर शांतवन कामावर परतला तेव्हा एक प्रश्न त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसला. ते सगळं कुणी ऐकलं होतं का?

हा प्रश्न सकाळी येत नसे. जेवण झाल्यावर, बॉयलर एका सुरात घोंगावू लागला की यायचा. त्याला टाळायला शांतवन मोबाईल बघू लागला. कुणी नाचतंय, कुणी बैल पळवतंय, कुणी वडे तळतंय. अंगठा वर सरकत राहायचा. मान वर करून काचेकडे बघायचं त्याला दरवेळी आठवायचं. पण आठवावं लागत होतं, आणि हे नवीन होतं.

रेश्माच्या ते लक्षात आलं. तिने त्याला नीलम्मापुढे नेऊन उभं केलं.

"मोबाईल घरी ठेव," नीलम्मा म्हणाली.

"आणि ते विचार आले की, अव्वा?"

"आले की प्रार्थना कर."

त्याने दोन्ही केलं. मोबाईल घरी राहू लागला. दुपारी प्रश्न आला की शांतवन हात जोडून डोळे मिटायचा. सुरुवातीला एखादं वाक्य, मग हळूहळू जास्त. डोळे मिटले की घोंगावणं दूर जायचं, छातीतली गाठ सैल व्हायची, कधी गालावर पाणी यायचं. भाऊ गेल्यापासून त्याला एवढं हलकं कुठेच वाटलं नव्हतं. एका रविवारी त्याने चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून साक्ष दिली, की माझी बॉयलरची खोली आता माझी प्रार्थनेची खोली झाली आहे. लोक "हालेलुया" म्हणाले. पुढच्या बाकावर बसलेली नीलम्मा काहीच बोलली नाही. ती ऐकू कमी येतं म्हणून गप्प असेल, असं त्याला वाटलं.

कारखान्यात त्याचं नाव पाद्री पडलं.

कारखान्यात आणखी एक गोष्ट झाली होती. पाणी खाली गेलं की वाजणारा एक भोंगा बॉयलरला जोडलेला होता. वीज खालीवर झाली की तो विनाकारण बोंबलायचा आणि काम थांबायचं. रंगखात्याचा सुपरवायझर राजशेखर त्याला कंटाळला. "माणूस बसवलाय की तितं," तो म्हणाला आणि त्याने भोंग्याची वायर काढायला लावली. शांतवन समोरच उभा होता. तो स्टुलावर जाऊन बसला.

ती दुपार मार्चमधली. उन्हाने पत्रा तडकत होता. जेवणाची सुट्टी संपताना शिलाई खात्यातली महानंदा बॉयलरच्या खिडकीशी आली. जळण टाकणारा संगप्पा तिथेच तंबाखू मळत होता.

"काय पाद्री, आज कुणासाठी मागणार?"

"तुमच्यासाठीच की, वहिनी."

"माझ्यासाठी नको. माझ्या नवऱ्यासाठी माग. त्याला लई गरज हाय."

"देवाला पण काय जमंल तेवढंच सांगावं," संगप्पा म्हणाला, आणि ती हसत आत गेली. शिलाईची मशीनं सुरू झाली. संगप्पा लाकडाचा गाडा आणायला मागच्या अंगणात गेला. शांतवनने काच बघितली. पाणी अर्ध्याच्या जरा खाली होतं. पंप लावायला अजून अवकाश होता. त्याने डोळे मिटले.

किती वेळ ते त्याला आजही सांगता येत नाही. तो अमृतशी बोलत होता की देवाशी, हेही सांगता येत नाही. छान वाटत होतं, एवढं तो सांगतो.

डोळे उघडले तेव्हा काचेत पाण्याची रेघ नव्हती.

काठोकाठ भरलेली काच आणि पार रिकामी काच सारखीच दिसते. त्यामुळे पहिला विचार आला तो असा, की भरली असेल. त्याने काचेखालची बारकी चावी उघडली. पाणी आलं नाही. कोरडी वाफ फुसफुसत बाहेर पडली.

पंपाचं बटण हाताच्या अंतरावर होतं. दुसरा विचार सावकाश आणि अगदी समजूतदार आवाजात आला. आत्ताच गेलं असेल पाणी. नळ्या अजून तापल्या नसतील. बटण दाब, पाणी चढेल, रेघ परत अर्ध्यावर येईल आणि कुणाला काही कळणार नाही. पाद्री झोपला होता, असं कुणी म्हणणार नाही. साक्ष खोटी ठरणार नाही. त्याच वेळी रंगखात्यातून राजशेखरची हाक आली, "शांतवन, स्टीम पाडू नको बे! लॉट मशीनवर हाय!"

शांतवनचं बोट बटणावर होतं. त्या क्षणी एकही वचन आठवलं नाही, असं तो सांगतो. कुणाचा हात जाणवला नाही, आवाज आला नाही. आत नुसतं कोरडं होतं. भिंतीपलीकडे महानंदा कुणाला तरी काहीतरी सांगत होती आणि बायका हसत होत्या. त्याने बोट काढलं.

भट्टीला हवा देणारा पंखा त्याने बंद केला आणि अंगणाकडे तोंड करून ओरडला, "संगप्पा! जाळ ओढ! सगळा भाईर काढ!"

संगप्पाने काचेकडे बघितलं आणि गाडा तिथेच सोडला. तो लांब आकडीने पेटती लाकडं ओढू लागला. शांतवन शिलाई खात्याच्या दारात गेला.

"सगळ्या भाईर चला. अंगणाच्या पार टोकाला."

"का? पाद्रीला दर्शन झालं का काय?" एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या. महानंदाने त्याचा चेहरा बघितला आणि ती उठली. मग सगळ्या उठल्या.

तो परत आला तेव्हा राजशेखर बॉयलरसमोर उभा होता. स्टीम पडत चालली होती, लॉट अर्धवट रंगला होता. जमिनीवर पेटत्या लाकडांचा ढीग धुमसत होता आणि बॉयलरच्या आतून टक, टक असा आवाज येत होता.

"पाणी गेलंय तर पाणी सोड की! बघत काय उभा राहिलास?"

"आता न्हाय सोडायचं."

"बाजूला हो. मी सोडतो."

शांतवन बटणाला पाठ लावून उभा राहिला. राजशेखर त्याच्यापेक्षा वीतभर उंच आहे. त्याने शांतवनची कॉलर धरली.

"लॉट गेला तर मालकाला तू उत्तर देणार का बे?"

"देतो."

"सायेब," संगप्पा आकडी टेकून म्हणाला, "त्ये बटण दाबणार असाल तर मला आदी सांगा. मी होटगीपत्तूर पळतो."

राजशेखरने कॉलर सोडली. तो बाहेर जाऊन बायकांपासून जरा लांब उभा राहिला. आतला टकटक आवाज बऱ्याच वेळाने विरळ झाला, मग थांबला. शांतवन तोवर बटणाला पाठ लावूनच होता.

रंगखात्यातला लॉट डाग पडून वाया गेला. मालक यायच्या आधी राजशेखरने शांतवनला नळाकडे बोलावलं.

"पंप बिघडला म्हण. भोंग्याचं नाव काढू नको. मी पण तुझं काढत न्हाय. दोघंबी सुटतो."

पंप जुना होता. ते कुणालाही पटलं असतं.

मालकाने विचारलं तेव्हा शांतवन म्हणाला, "पंप चांगला हाय. मी डोळे मिटून बसलो होतो. आणि भोंग्याची वायर काढलेली हाय. काढली तवा मी बघितलं होतं."

"झोपला होतास?"

"न्हाय. प्रार्थना करत होतो."

"झोपला असतास तर आत्ता काढून टाकलं असतं," मालक म्हणाले. "याला काय म्हणायचं ते मला कळेना."

शेवटी त्याला बिनपगारी घरी बसवलं. नळ्या तपासून झाल्या, दोन बदलाव्या लागल्या. भोंग्याची वायर परत जोडली. मग शांतवनला बोलावणं आलं, अशा वेळी पंपाला हात न लावणारा दुसरा माणूस मिळेपर्यंत, या बोलीवर.

घरी बसलेला असताना तो नीलम्माकडे गेला होता. देवाने तुला वाचवलं, असं ती म्हणेल अशी त्याची अपेक्षा होती. सभेतले बाकीचे तसंच म्हणत होते. नीलम्मा लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"शस्त्रं घालून झोपलास की रे तम्मा."

"झोपलो न्हाय, अव्वा. प्रार्थनाच करत होतो."

"गोड लागत होती न्हवं?"

शांतवन जमिनीवरची लसणाची सालं गोळा करू लागला.

"भुलवणाऱ्याला मोबाईलच लागतो असं कुणी सांगितलं तुला? त्याला काय पण चालतंय. तू मोबाईल ठेवलास, त्यानं प्रार्थना उचलली." तिने लसणाच्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "साक्ष दिलास तवाच मला वास आला होता. तवा बोलले न्हाय. लोक खूश होते."

"मग करायची न्हाय का?"

"कर की. डोळे उघडे ठेवून कर. काचेकडं बघत कर. गोड लागणार न्हाय."

"अमृतचं काय, अव्वा? ते कुणी ऐकलं का न्हाय?"

"मला ठाऊक न्हाय," नीलम्मा म्हणाली. "ठाऊक झालं तर सांगीन. तवर काच बघ."

आता तो उघड्या डोळ्यांनी प्रार्थना करतो. छाती हलकी होत नाही, गाल कोरडेच राहतात. अनेकदा आपण प्रार्थना करतोय की नुसतं पाणी बघतोय हे त्याला समजत नाही. दुपारचा प्रश्न रोज येतो आणि आता त्याला हुसकायला काही उरलेलं नाही. शांतवन त्याला शेजारी बसू देतो आणि त्याच्याकडे वळून बघत नाही. रेश्माला तो म्हणाला, की त्या दिवशी बटणावर बोट होतं, ते कुणी काढलं ते मला अजून माहीत नाही. पुढच्या वेळी निघेल का, तेही माहीत नाही. त्या रात्री रेश्मा जेवली नाही.

दिवाळीनंतर सोलापुरात विजेचं खालीवर होणं वाढलं आहे. भोंगा दोन-चारदा विनाकारण वाजला. राजशेखर परत त्या वायरीबद्दल बोलू लागला आहे, मालकांच्या समोर नाही, पण बोलतो.

शिलाई खात्यातल्या बायकांनी मात्र स्वतःपुरती एक रीत पाडली आहे. ती कुणी ठरवून दिलेली नाही. आपल्या पाठीशी काय आहे हे त्यांना त्या दिवशी अंगणात उभं राहून कळलं. दिवसातून पुष्कळदा कुणीतरी एक बाई, बहुतेक वेळा महानंदा, भिंतीवर कात्रीची मूठ आपटते आणि ओरडते, "पाद्री, पाणी हाय का?"

शांतवन लगेच उत्तर देत नाही. तो स्टुलावरून उठतो, काचेजवळ जातो, खालची चावी उघडून पाणी येतं का ते बघतो.

त्याचं उत्तर येईपर्यंत भिंतीपलीकडे एकही मशीन चालत नाही.