यादी कुणाची, शाबासकी कुणाला!

कप आधी खाली ठेवा, नाहीतर माझा पराक्रम ऐकून चहा अंगावर सांडाल. फजिती माझी स्वतःचीच आहे, त्यामुळे मीठमसाला लावायची गरज नाही. तरी थोडा लावीनच!

मी तारापूरच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. म्हणजे वजनकाट्यापासून कॅमेऱ्यापर्यंत वायरीने जोडलेलं सगळं एकमेकांशी बोलतं ठेवायचं. मधे जो डबा असतो तो स्विच. त्याला कोणती माहिती कशी भरून द्यायची, याचा आराखडा म्हणजे डेटा मॉडेल. सोपं सांगायचं तर कोरा फॉर्म. चुकीचा फॉर्म भरलात की डबा मुका!

असे शेकडो फॉर्म आमच्याकडे अस्ताव्यस्त पडलेले. ते नीट लावायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. तीन महिने खपलो हो! आधी फॉर्म बनवणारी संस्था, मग आवृत्ती, मग थर, मग उपथर... फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक, अशी भली मोठी यादी. काय ती शिस्त! नवं घर बांधलेला माणूस रस्त्यापलीकडे जाऊन बघत उभा राहतो ना, तसा मी रोज ती यादी बघत बसायचो.

आणि काय सांगू, यादी सुरू झाल्यापासून मला एकही फोन नाही! पूर्वी दिवसभर "सर, फॉर्म कुठाय?" चालायचं. आता सगळं शांत. मी काय समजलो असेन?

मॅनेजरना सांगितलं, "लोकांना सगळं आपोआप सापडतंय." त्यांनी वर सांगितलं, वरच्यांनी आणखी वर. होता होता मुख्य कार्यालयातून एक मॅडमच आल्या. माझी यादी सगळ्या कारखान्यांत लावायची का, ते ठरवायला!

मी घसा खाकरून सुरुवात करतोय, तोच पॅकिंगमधून फोन. काट्याचा स्विच जळला! काटा बंद म्हणजे माल हलणार नाही. गेटपर्यंत ट्रकांची रांग.

मॅडम म्हणाल्या, "चला, खरंच बघू."

आमच्या टेक्निशियन मनीषाताई, जवळच्याच मुरबे गावच्या. त्या धावत जाऊन नवा डबा बसवून आल्या, कॉम्प्युटरवर एक शब्द टाकला आणि अर्ध्या मिनिटात फॉर्म हजर! भरला, पाठवला. फोनवर पॅकिंगचा माणूस ओरडला, "ताई, काँटा चालू हो गया!"

मी छाती फुगवली. "बघितलंत? ही माझी यादी!"

मनीषाताई चुळबुळल्या. "सर, ही तुमची नाय. ही माजी हाय."

"म्हणजे?"

"तुमच्या यादीत आमाला काय गावतच नवतं. मग लोक मला फोनवर जे बोलतात तेच मी लिवत गेले. कोन काटा बोलतो, कोन वजन, कोन तराजू. कायपन टाका, फॉर्म तोच येतो. आता समदे हीच उघडतात, म्हनून तुमाला फोन येत नाय. फॉर्म तुमच्याच फोल्डरातले हायत सर, मी नुसती वाट दावली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इतके खूश होते, सर!"

मॅडमनी तोच फॉर्म मला माझ्या यादीतून काढायला सांगितला. गेलो सातव्या फोल्डरपर्यंत. परत आलो. दुसऱ्या वाटेने शिरलो. एसीत घाम! शेवटी हात जोडले.

मग ताईंची यादी वर-खाली करून बघितली आणि खरंच थक्क झालो. हिंदी बोलणाऱ्या कामगारांचे शब्द, गेटवरच्या वॉचमनचे शब्द, सगळे नोंदलेले. प्रत्येक फॉर्मखाली तो कोणत्या मशीनवर चालला, कुठे अडला, तेही! मी डब्यांची वंशावळ मांडत बसलो होतो. ताईंनी डब्यासमोर अडलेल्या माणसाचं ऐकलं. बाजूला उभं राहून मी मनापासून टाळ्या वाजवल्या.

निकाल लागला! ताईंची यादी सगळीकडे जाणार, आणि ती शिकवायला ताई जाणार. सोबत मी, मदतनीस म्हणून.

सगळे गेल्यावर मी हळूच ताईंच्या यादीत माझं नाव टाकून बघितलं. लगेच ओळ आली:

"सरांची यादी. सर बाजूला उभे असतील तेव्हाच उघडावी."