कुरुंद्याची चकती आणि कळमनुरीचे मैदान

यंदा चैत्रात मी कुरुंद्यास गेलो, तो देवदर्शनासाठी नव्हे. माझा मुलगा श्रीधर मागच्या दिवाळीनंतर हृदयविकाराने गेला. तो यंत्रशास्त्र शिकवीत असे आणि उरलेला सगळा वेळ एका चकतीच्या मागे असे. बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी चपटी रबरी चकती असते, तिला पक म्हणतात. आपल्याकडे बर्फ नाही; मुली चाकांचे बूट घालून सिमेंटवर खेळतात. तेथे रबर जमिनीला धरते, चकती अडखळते, कडेवर उभी राहते आणि भलतीकडेच गडगडत जाते. सिमेंटवरही अलगद सरकेल अशी चकती श्रीधरला हवी होती. चाळिशी उलटलेल्या माणसाने खेळणी करीत बसू नये, असे मी त्याला एकदा बोललो होतो. तो हसला आणि पुन्हा माझ्यापाशी त्याने तो विषय काढला नाही.

त्याच्या चकत्या कुरुंद्याचे प्रकाश खिल्लारे लेथवर कातून देत. हळद शिजवण्याच्या आणि पॉलिशच्या यंत्रांची दुरुस्ती हा त्यांचा मूळ धंदा. त्यांचा फोन आला, की श्रीधरच्या वहीवरून शेवटचा नग पुरा केला आहे; हाताला कंप सुटल्यामुळे लेथ विकली असून ती आठवड्याभरात उचलली जाईल, तेव्हा दुसरा नग होणे नाही. कळमनुरीच्या एका शाळेतील क्रीडाशिक्षिका शबाना मॅडम तो मैदानावर पाहणार होत्या. सरकला, तर श्रीधरच्या नावाने साचा करून त्याच चकत्या त्यांचा संघ वापरणार होता. न सरकला, तर त्याच दिवशी बाजारातल्या चकत्यांची मागणी जाणार होती.

नांदेडहून सकाळची एसटी धरावी. दहानंतर ऊन सोसत नाही. पंचाहत्तरी उलटलेल्यांना भाडे नाही, आधार कार्ड मात्र जवळ असावे. वाहकाने कार्ड निरखून विचारले, "आजोबा, फुकट हाय म्हनून एवढ्या उन्हात हिंडून राहिले का?" मागच्या बाकावरची एक बाई त्याला म्हणाली, की तुझ्या गाडीत बसायचे तर उलट सरकारनेच पैसे द्यायला पाहिजेत. गाडी हसली. मीही हसलो असेन.

डोंगरकडा या गावी उतरलो. तेथे केळी चांगली मिळतात आणि रसवंतीची सावली आहे. पुढे कुरुंद्यापर्यंत जीप. ती भरल्याखेरीज हलत नाही, म्हणून तासभर हाताशी ठेवावा. गाव जवळ आले की शिजलेल्या हळदीचा उग्र, मातकट वास येतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळकुंडे वाळत होती. श्रीधर या वाटेने किती वेळा आला असेल, हे मला ठाऊक नव्हते.

खिल्लारे साठीचे, सडपातळ गृहस्थ. दुकानात बाबासाहेबांची तसबीर, खाली लेथ. त्यांच्या पत्नीने चहा आणला. मी बाहेरचे घेत नाही, दशमी बरोबर आहे, असे सांगितले. त्यांनी आग्रह केला नाही. कप तसाच आत नेला.

मग त्यांनी चकती हातावर ठेवली. तळहाताएवढी, काळी, कडेला जड. प्रत्येक अंगाला तीन पोलादी गोळ्या, आपापल्या वाटीत मोकळ्या फिरणाऱ्या, पृष्ठभागापासून केसभर वर. आधी श्रीधरने नायलॉनच्या खुंट्या बसवल्या होत्या. खरबरीत सिमेंटने त्या आठ दिवसांत झिजवल्या, मग गोळ्यांची कल्पना निघाली. खिल्लाऱ्यांनी फरशीवर चकतीला बोटाने नुसते ढकलले. ती आवाज न करता पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली.

"सरांनी हे पाह्याला पाह्यजे होतं," ते म्हणाले आणि वही माझ्या हाती दिली.

नवी वस्तू पूजेवाचून कामाला लावू नये, हे आमच्या घरचे वळण. प्रवासात सांडू नये म्हणून मी कुंकू तिळाच्या तेलात कालवून करंड्यात नेतो. ते काढले आणि प्रत्येक गोळीवर एकेक बोट टेकवले. चकती उलटून पुन्हा तसेच. वर अक्षता वाहिल्या. मुलाच्या कामाला माझा हात लागला तो तेव्हा, पहिल्यांदा. मग ती सोवळ्याच्या रेशमी पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवली.

रात्री देवळाच्या ओवरीत पथारी टाकली. सकाळी खिल्लारे कळमनुरीपर्यंत सोबत आले. जीपमध्ये त्यांचे लक्ष पिशवीकडे होते. एकदा त्यांनी हात थोडा पुढे केला. ते ओझे घेऊ पाहत आहेत असे समजून मी म्हणालो, "असू द्या, सोवळ्यात आहे." त्यांनी हात मागे घेतला आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

कळमनुरीत आठवडी बाजार होता. त्या दिवशी स्थानकापासून पायी जाणे सोयीचे. सिमेंटचे मैदान शाळेच्या मागे, धुळीने भरलेले. शबाना मॅडमनी चकती माझ्याच हातून घेतली, कपाळाला लावली आणि खाली ठेवली. एका मुलीने काठीने टोला दिला. चकती वीतभर सरकली, घसटली आणि थांबली. दुसऱ्या टोल्याला कडेवर उभी राहिली आणि गटाराकडे गडगडत गेली. मुली हसल्या, मॅडमनी डोळे वटारले तेव्हा गप्प झाल्या. खिल्लाऱ्यांनी चकती उचलून सदऱ्याच्या टोकाने पुसली, दोन्ही अंगांनी पाहिली आणि पुन्हा ठेवली. तिसरा टोलाही तसाच गेला.

"मैदानच खरबरीत आहे सर," मॅडम मला धीर देत म्हणाल्या.

"न्हाई मॅडम," खिल्लारे म्हणाले, "माझ्याच हातात कमी पडली. हात कापतो आता."

खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले. निरोप घेताना मी त्यांना नीटसा नमस्कारही केला नाही.

नांदेडला परतून तिसऱ्या दिवशी वही उघडली. दुसऱ्यांच्या पोथ्यांचा अन्वय लावण्यात माझे आयुष्य गेले. मुलाच्या हस्ताक्षराचे एक पानही मी वाचले नव्हते. शेवटच्या पानावर त्याने दोनदा अधोरेखित केले होते: गोळ्या कोरड्याच ठेवणे. तेलाचा थेंबही नको. तेल धूळ धरते आणि वाटी चोंदते.

चकती रॉकेलमध्ये बुडवली. तळाशी लाल गाळ बसला, त्यात कळमनुरीची धूळ. कोरडी झाल्यावर माजघरात ढकलली. ती देवघराच्या उंबऱ्याला जाऊन लागली.

शबाना मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. पण मागणी गेली होती आणि एका चकतीवर संघ खेळत नाही. मग कुरुंद्यास लावला. लेथ आदल्या दिवशीच गेली होती. मी म्हणालो, "खिल्लारे, दोष तुमच्या हाताचा नव्हता. माझ्या कुंकवाचा होता."



"ठाव हाय गुर्जी. तुमी बोट टेकवलं तवाच पाह्यलं मी. लेकाच्या कामाला बाप हात लावून राहिला, तवा काय बोलू? म्हनलं, गाडीत पुसून घेऊ." ते म्हणाले. "मग तुमी म्हनले, सोवळ्यात हाय."

चकती आता कपाटात आहे, कोरडी. तो पंचा मी पुन्हा नेसलेलो नाही.

कुरुंद्यास जाणार असाल, तर हळद वाळत असते तेव्हा जा. डोंगरकड्याहून जीप मिळते. पाणी बरोबर ठेवा, टोपी ठेवा. आणि तेथे कोणी चहा आणून दिला, तर घ्या.