ओलं वजन

धक्क्यावर त्याला सगळे काटेमिस्त्री म्हणत. एक तर त्याच्या पिशवीत कायम हुकाला लटकवायचा वजनकाटा असे, आणि दुसरं म्हणजे तो बोलला की समोरच्याला टोचायचंच. यॉटवरच्या क्रेन तपासणं हे त्याचं काम. मोठ्या यॉटला माणसांची ने-आण करायला एक छोटी बोट लागते, तिला टेंडर म्हणतात. हे बायकोला इतकी वर्षं समजावून झालं, पण तिच्या डोक्यात टेंडर म्हणजे रस्त्याचं नाहीतर गटाराचं कंत्राट. रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "काय हो, झालं का टेंडर पास?" शेवटी त्याने नाद सोडला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

त्या दिवशी मात्र खरोखरच टेंडर पास व्हायचं होतं. एका यॉटच्या मालकाला नवी बोट घ्यायची होती आणि दोन बोटी समोर होत्या. एक साधी, रबरी काठांची, दिसायला बदकच. दुसरी पांढरीशुभ्र, गुबगुबीत गाद्यांची, चकचकीत कठड्याची. मालक तिच्यावर बघताक्षणीच भाळला होता आणि विक्रेता तिचे गोडवे गाताना थकत नव्हता. क्रेनची ताकद सहाशे किलो, माहितीपत्रकात बोटीचं वजन पाचशे चाळीस. म्हणजे सगळं कसं आलबेल! फक्त त्या आकड्याच्या डोक्यावर मुंगीएवढी एक चांदणी होती. पानाच्या तळाशी तसलीच चांदणी, आणि तिच्यापुढे भिंगाने वाचावं अशा अक्षरात लिहिलं होतं, 'कोरडं वजन'. म्हणजे पेट्रोल नाही, बॅटरी नाही, नांगर नाही, माणूस तर नाहीच. अहो, समुद्रात कोरडी बोट नेतं कोण? काटेमिस्त्रीच्या भाषेत खरं ते ओलं वजन, सगळं भरल्यावरचं. बाकी नुसत्या बाता.

एरवी त्याने दोन टोमणे मारले असते आणि विषय संपवला असता. पण त्याची लेक तीन महिन्यांपूर्वी याच यॉटवर खलाशी म्हणून लागली होती. क्रेनने बोट खाली सोडताना आत एक जण बसतो, बोट पाण्याला टेकली की हूक सोडवायला. ते काम कप्तानाने तिच्याकडे दिलं होतं, आणि पोरीला त्याचा कोण अभिमान!

पांढरी बोट डेकवर होती. काटेमिस्त्रीने हूक आणि बोटीच्या मध्ये आपला काटा अडकवला आणि बोट वीतभर उचलली. सुई पाचशे बेचाळीसवर थांबली.

"बघा!" विक्रेता म्हणाला. "मिस्त्री, आता तरी पटलं?"

"टाकी उघडा."

टाकी ठणठणीत कोरडी. बॅटरीच्या खोक्यात नुसती हवा.

"भरा आता," काटेमिस्त्री म्हणाला.

मालक घड्याळ बघायला लागला, तासाभरात त्याचे पाहुणे यायचे होते. तरी कप्तानाने पेट्रोलचे डबे आणवले. टाकी भरली, बॅटरी बसवली, नांगर, दोर, जाकिटं आत ठेवली. पुन्हा वीतभर उचलली. सुई सहाशेची लाल रेघ ओलांडून सहाशे पंचावन्नवर गेली आणि क्रेन कण्हली. त्याने बोट लगेच खाली टेकवली.

"पंचावन्न किलोच ना जास्त!" विक्रेता हसला. "अहो, क्रेनची खरी ताकद कागदावर असते त्याहून जास्तच असते."

"बोटीचं वजन कागदाहून जास्त, क्रेनची ताकदही कागदाहून जास्त. मग कागद छापता तरी कशाला?"

मालक वैतागला. "मिस्त्री, फाटे फोडू नका. एकदा पाण्यात सोडून बघू, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल. आत कोण बसतं?"

"मी, सर," लेक म्हणाली आणि टुणकन बोटीत चढली.

कप्तानाने नजर चुकवून दोर गुंडाळायला घेतला. काटेमिस्त्रीने बोलावं तर आपलं काम जाईल, वर पोरीची नोकरीही जाईल. आणि न बोलावं तर काय होतं, ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धक्क्यावर त्याने स्वतः आपल्या धाकट्या भावाला "बस आत" म्हटलं होतं. कागदावरचा आकडा वाचून, टाकीत न बघता. क्रेनचा ब्रेक सरकला, बोट धाडकन खाली आली आणि धाकट्याचा पाय बोट आणि धक्क्याच्या भिंतीच्या मध्ये चिरडला. जगाला सांगितलं, ओल्या पायरीवरून घसरला. धाकट्यानेही तेच सांगितलं. हा काटा त्याच आठवड्यात विकत घेतलेला.

लेकीने पट्टा बांधला आणि अंगठा वर केला. क्रेनचं बटण त्याच्याच हातात होतं.

"उतर खाली," तो म्हणाला.

"बाबा, सर म्हणतायत ना..."

"उतर म्हणतो ना!"

"इथे हुकूम कोणाचा चालतो?" मालक कडाडला.

"तुमचाच चालतो, साहेब. यॉट तुमची, क्रेन तुमची. पोरगी माझी आहे." त्याने विक्रेत्याकडे हात केला. "माणूस हवाच असेल तर हे आहेत की. एवढी खात्री आहे त्यांना. बसा साहेब, पाच मिनिटांचं काम."

सगळ्यांच्या नजरा विक्रेत्याकडे वळल्या. तो हसला. लेक उतरली तसा त्याने एक पाय बोटीच्या काठावर ठेवलासुद्धा. मग वर हुकाकडे बघितलं, मग खाली पाण्याकडे, आणि पाय हळूच मागे घेतला.

"नाही, म्हणजे... माझे बूट जरा निसरडे आहेत."

मालक बराच वेळ त्या बुटांकडे बघत राहिला. "ती रबरी दाखवा," एवढंच म्हणाला.

रबरी बोट सगळं भरून, लेकीसकट चारशे बासष्ट भरली. लेकीने खाली हूक सोडवून हात हलवला, तेव्हा कुठे काटेमिस्त्रीच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी दारात बायको होतीच. "काय हो, झालं का टेंडर पास?"

"एक पास, एक नापास."

लेकीने विक्रेत्याच्या बुटांची अशी नक्कल केली की बायकोने पदर तोंडाला लावला. धाकटा खिडकीशी रेडिओ दुरुस्त करत बसला होता, पाय नेहमीसारखा स्टुलावर. तो इतका हसला की हातातला पेचकस पडला. काटेमिस्त्रीने तो उचलून दिला आणि तिथेच जमिनीवर बसला.

"पोरी," तो म्हणाला, "तुझा काका पायरीवरून घसरला नव्हता. मी त्याला असल्याच बोटीत बसवलं होतं. टाकी भरलेली होती आणि मी बघितलंच नाही. वीस वर्षं खोटं बोलतोय मी."

बायकोने तोंडावरचा पदर खाली घेतला. लेक काकाकडे बघायला लागली.

धाकट्याने पेचकस सदऱ्याला पुसला. "टाकी मीच भरली होती, दादा. काठोकाठ."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग बसलास कशाला रे?"

"तू बस म्हणालास ना. मला वाटलं, दादाने मोजलं असेल."