कासवांसाठी आहेर पुकारणारा वसंतामामा

वसंतामामा आज सकाळी गेला. हार्ट अटॅक. माइकची वायर गुंडाळता गुंडाळता खाली बसला, तो उठलाच नाही.

मी इथं फारसं लिहीत नाही. पण हे लिहायला हवं.

मामा वर्ध्याजवळच्या सिंदीचा, साउंड सर्व्हिसवाला. आमच्याकडे लग्नातले आहेर माइकवर पुकारतात. कुणी किती दिले ते अख्ख्या मांडवाला ऐकू जातं. ते पुकारायचं काम मामाचं.

आणि मामा सापाला प्रचंड घाबरायचा. टीव्हीवर साप दिसला तरी पाय खुर्चीवर.

दोन वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात, गावाबाहेर फर्नेस ऑइलचा टँकर उलटला. काळं, घट्ट तेल थेट नाल्यात.

त्या दिवसांत नाल्यात एक डोहच उरतो. कासवं, बेडूक, पाणसाप, सगळे त्यातच अडकले.

मी केमिकल इंजिनिअर. वनविभागाची परवानगी मिळवली, नागपूरचे एक व्हेट तयार झाले.
कासवावरचं तेल आधी खाद्यतेलानं सैल करायचं, मग सौम्य साबणानं धुवायचं. बेडकाला साबण चालत नाही, तो कातडीतूनही श्वास घेतो. त्याला फक्त स्वच्छ पाणी, पुन्हा पुन्हा बदललेलं.
टब, औषधं, गाडी. सगळ्याला पैसे हवे होते, आणि लगेच. उशीर म्हणजे मरण.

मी पोस्ट टाकली, क्यूआर कोडसकट. लाइक भरपूर आले. पैसे जवळपास नाहीतच.
एक कमेंट अशी: "साप मरून राह्यले तं मरू द्या ना."

मामाला फोन केला तो फक्त टब मागायला.

"टब नेजो. पैशाचं काय?"
"नाही जमले."
"फोटो पाहून कोन देते बापा? नाव पुकारा लागते."

त्याच संध्याकाळी नात्यातल्या एका लग्नात आम्ही सगळे होतो. आहेर पुकारून संपले. मामानं नवरीच्या वडिलांना विचारलं आणि माइक हातातच ठेवला.

"मंडळी, आता नाल्यातल्या कासव-बेडकाईचा आहेर! पाऊस नाई आला की धोंडी काढता, बेडूक गावभर फिरवता. आता त्याच्यावर वेळ आली तं सारे पंगतीत?"

मांडव हसला. कुणी उठलं नाही.

"आमचे वर्ध्याचे भाऊजी, पाचशे एक!"

भाऊजी म्हणजे माझे बाबा. ते माझ्या शेजारी मठ्ठा पीत होते.
"मी कधी म्हटलं?"
पण माइकवर निघालेलं नाव आमच्याकडे मागे घेता येत नाही. बाबा उठले.

मग मामानं समोर दिसेल त्याचं नाव घ्यायला सुरुवात केली. एक कापसाचे व्यापारी. मग त्यांचा चुलतभाऊ. चुलतभावाचा आकडा मोठा निघाला, म्हणून व्यापाऱ्यांनी पुन्हा दिले.

एक आजोबा चिडले. "वसंता, आहेर परत करा लागते. साप माह्या घरी काय घेऊन येईन?"
"आबाजी, तो आलाच नाई तं तोच आहेर समजा!"

आजोबांनी हसत नोट काढली.

मला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. शेजारच्या अनोळखी बाईंना मी स्वतःहून सांगितलं, "हा माझा मामा." मी असं कधी करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरं घेऊन गाडी नागपूरला गेली.

सगळे वाचले नाहीत. बेडूक बरेच गेले. साप निम्म्याहून जास्त वाचले, कासवं बहुतेक सगळी.

नाला साफ झाल्यावर त्यांना परत सोडायला गेलो, तर मामा ऑटोतून उतरेना.
"पैले साप सोडा. मंग येतो मी."

साप गेले. मग मामा उतरला. एक कासव दोन्ही हातांत धरून पाण्याशी नेलं. कासवानं मान आत ओढून घेतली.

"हे मले भेते का?"
"हो मामा."
"मले?"

त्याला ते इतकं आवडलं की पुढं वर्षभर प्रत्येक लग्नात त्यानं हेच सांगितलं.

काल नाल्यावर गेले होते. डोहाच्या काठाला कासवाची पिल्लं दिसली. तळहाताहून लहान. फोटो काढला. आज येऊन तुला दाखवणार होते.

मामा, पिल्लं आहेत. चांगली आहेत.

सुखानं जा.