उभ्याने पारखलेले रेनकोट

तेह इरोह ही बाई मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे तिच्याबद्दल माझ्या तोंडून चार बरे शब्द निघाले, तर ते नाइलाजाने निघाले असं समजा. बोगोरच्या उड्डाणपुलाखाली आम्हा चाळीस मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांचा अड्डा आहे आणि मी, ओदिंग, त्याचा म्होरक्या. ती त्याच पुलाखाली रेनकोट विकते. थोरल्या बहिणीला लावायचं ते 'तेह' आम्ही तिच्या नावाआधी लावतो, कारण तिनं पन्नाशी गाठली आहे. दुसरं काही कारण नाही.

आमच्या गावात दुपारचा पाऊस चुकत नाही. पहिले थेंब पडले की रस्त्यावरची प्रत्येक दुचाकी पुलाखाली घुसते. लोक सीट उचलून रेनकोट काढतात, एका पायावर नाचत चढवतात, मागचे अडकलेले ड्रायव्हर हॉर्न वाजवून शिव्या घालतात. ज्याच्याकडे रेनकोट नसतो, तो तिथल्या तिथे विकत घेतो. म्हणून रेनकोटवाल्याला पुलाखालची चार हात जागा मिळाली की त्याचं पोट चाललं. पुलाबाहेर दहा पावलं गेलात की धंदा बसला, कारण भिजत उभं राहून भाव कोण करणार?

ही बाई एकोणीस वर्षं तंबूंच्या कारखान्यात होती. शिवणीवर आतून पट्टी चिकटवायची, म्हणजे सुईच्या भोकांतून पाणी आत येत नाही, एवढंच तिचं काम. एकदा पट्टी नीट न धरलेल्या मालावर पसंतीचा शिक्का मारायला तिनं नकार दिला, वर साहेबाला म्हणाली, "तुमच्या पोरांना या तंबूत झोपवून दाखवा." साहेबानं तिला घरी बसवलं. ही गोष्ट ती पदक मिळाल्यासारखी सांगते. नवरा तिला सोडून सुकाबुमीला गेला. मला विचाराल तर शहाणा माणूस.

तिच्या दुकानात एका लाकडी स्टुलावर मोटारसायकलची जुनी सीट ठोकलेली आहे. गिऱ्हाईकानं रेनकोट घालून त्या सीटवर बसायचं, हँडल धरल्यासारखे हात पुढे करायचे. मग ही न्हाणीतल्या मगानं त्याच्या मांडीवर पाणी ओतते आणि एक सिगारेट संपेल इतका वेळ त्याला उठू देत नाही. पाणी आत शिरलं तर माल वाईट, तो ती विकत नाही. नाही शिरलं तरी गिऱ्हाईकाला चार शब्द ऐकवल्याशिवाय ती सोडत नाही.

"काळा हवाय? पावसात काळा?" एकदा तिनं एका कारकुनाला विचारलं. "ट्रकवाल्याला दिसू नये अशी फार हौस आहे का? बायकोशी भांडण झालंय?"

"अहो तेह, मळत नाही म्हणून..."

"मढं मळलं काय नि न मळलं काय. हा पिवळा घ्या. आणि हा तुमच्या मापाचा नाही, दोन मापं मोठा घ्या. खाली जाकीट घालाल, वाकाल, गुडघा दुमडाल, तेव्हा पायाची कड वर सरकेल आणि बुटात तळं साचेल. बाही हातमोज्याच्या वरून घ्यायची, हातमोजा बाहीवरून नाही. शिकलेले दिसता, पाणी वरून खाली येतं हे शाळेत सांगितलं नाही का?"

माणूस पिवळा घेऊन गेला. चिडून गेला, पण घेऊन गेला. मला तिचा राग येतो त्यातला निम्मा याच गोष्टीचा आहे.

उरलेला निम्मा पॉन्चोपायी. आम्ही सगळे पॉन्चो वापरायचो. डोक्यातून घालायचा घोळदार रेनकोट तो, मागे एवढा लांब की प्रवासी त्याच्या शेपटाखाली डोकं खुपसून बसतो. एका कपड्यात दोन माणसं कोरडी. आमच्या अड्ड्याची ती ओळखच होती. तेह इरोह फक्त पॅन्ट-कोटाचे जोड विकायची, पॉन्चो नाही, आणि आम्ही घालतो हेही तिला खपत नव्हतं. माझ्या गाडीवर रोज शाळेत शिकवायला जाणाऱ्या कोमलाबाई एक दिवस माझ्या पॉन्चोखाली शिरत होत्या, तेवढ्यात ही रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली.

"बाई, त्या झाकणाखाली बसून तुम्हाला काय दिसतं? त्याच्या पाठीचा घाम! आणि ते शेपूट खाली कुठं लोंबतंय ते बघा. चाकाच्या तारांशेजारी! एकदा गुंडाळलं की तो मानेनं मागे ओढला जाणार आणि त्याच्यामागे तुम्ही. बसा, बसा, खुशाल बसा!"

कोमलाबाई उतरल्या आणि मिनीबसकडे चालू लागल्या. पुन्हा माझ्या गाडीवर बसल्या नाहीत. महिन्याभरात प्रवासी विचारायला लागले, "पॉन्चो आहे की पॅन्ट-कोट?" पॉन्चो म्हटलं की मान हलवून पुढे जायचे.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी पालिकेला एक अर्ज लिहिला की रेनकोटच्या दुकानामुळे पुलाखाली वाहतूक अडते. वाहतूक खरं तर सगळ्यांमुळेच अडायची, सगळ्यात जास्त आमच्या चाळीस गाड्यांमुळे. पण अर्जात तेवढं लिहायचं राहून गेलं, असं समजा. अड्ड्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. निम्म्यांनी वाचलंही नाही, कॉफीचा कप एका हातात आणि पेन दुसऱ्या. आठ दिवसांत पालिकेची माणसं आली आणि तिचा गाडा पुलाबाहेर, उघड्यावर नेऊन ठेवला. तिच्या जागी, मधल्या खांबाशी, पुलाखालच्या सगळ्यात कोरड्या कोपऱ्यात, मी माझी गाडी लावली.

ती भांडेल अशी माझी खात्री होती. मी उत्तरंही तयार ठेवली होती. पण तिनं सरळ बांबूंवर ताडपत्री बांधली. पाऊस आला की ताडपत्रीला पोट सुटायचं, ती काठीनं ढोसून पाणी पाडायची, आणि पडणाऱ्या पाण्यातलं निम्मं तिच्याच अंगावर यायचं. गिऱ्हाइकं पुलाखाली उभी राहायची आणि तिच्याकडे नुसती बघायची. लटकवलेल्या मालाला बुरशीचे ठिपके पडायला लागले. रेनकोट विकणारी बाई दिवसभर भिजते, यावर आम्ही बरेच विनोद केले. त्यातला सगळ्यात चांगला माझा होता. आता तो सांगावासा वाटत नाही.

असं वर्ष गेलं, मग अड्ड्यानं ठरवलं की आपणही पॅन्ट-कोट घेऊ, चाळीस सारखे. निवडायचं काम माझ्यावर आलं. दहा पावलांवर ती बसली होती, तिला विचारलं असतं तर काम झालं असतं. पण मी गाडीला किक मारली आणि थेट मोठ्या बाजारात गेलो.

मी काही मूर्ख नाही. मी नीट पारख केली. नमुना घरी आणला, अंगात घातला, न्हाणीघरात उभा राहिलो आणि बायकोला, ओमाहला, सांगितलं की डोक्यावरून पाणी ओत. तिनं मनात साठलेलं काय काय आठवून बादलीवर बादली ओतली. मी आत ठणठणीत कोरडा. चेनवर झाकणाची दुहेरी पट्टी होती, पाठीवर चमकणारा पट्टा होता, रंग नारिंगी. आणखी काय हवं? चाळीस घेतले. वाटताना मी पुलाबाहेर ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोललो, "माल पारखायला कारखान्यात एकोणीस वर्षं घालवावी लागत नाहीत!"

तिनं मान वर करून आमच्या नारिंगी रांगेकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पुंचाकच्या चढावर पावसानं गाठलं. पंधरा मिनिटांत माझ्या मांडीवर, पॅन्टच्या घडीत, वाटीभर पाणी साचलं. आणखी पाच मिनिटांत ते आत उतरलं. कुठून उतरलं ते सांगायला लाज वाटते. डोंगरातलं गार पाणी आणि ती जागा, यापुढे तुम्हीच समजून घ्या. खाली येईपर्यंत चाळीसच्या चाळीस जणांची तीच गत झाली होती. छाती कोरडी, पाठ कोरडी, पाय कोरडे, आणि मधोमध भिजलेलं. प्रवासी उतरताना आमच्याकडे बघून तोंड फिरवून हसायचे. एका पोरीनं आपल्या आईला विचारलं, "आई, या काकांना कुणी वेळेवर नेलं नाही का?" पलीकडच्या अड्ड्यावाल्यांनी आमचं नाव ठेवलं 'लंगोटवाले'. ते अजून पुसलेलं नाही.

चौथ्या दिवशी ओचिम, आमच्यातला सगळ्यात म्हातारा, आपली पॅन्ट काखेत मारून पुलाबाहेर गेला. त्याच्यामागे बाकीचे. मीही गेलो, म्होरक्या म्हणून. तेह इरोहनं पॅन्ट उलटी केली, दोन पायांच्या मधे जिथं चार तुकडे एकत्र येतात, ती आसनाची शिवण अंगठ्यानं ताणली आणि उजेडासमोर धरली. भोकांतून आभाळ दिसत होतं.

"बाजूच्या शिवणींना पट्टी आहे, इथं नाही," ती म्हणाली. "कशी पारखली ही?"

ओचिमनं, म्होरक्याला मानानं लावतात ते 'कांग' लावून, सांगितलं, "कांग ओदिंगनं न्हाणीघरात अंगावर पाणी ओतून घेतलं."

"बसून की उभ्यानं?"

मी म्हणालो, "उभ्यानं."

तिनं पॅन्ट खाली ठेवली. "तू गाडी उभ्यानं चालवतोस?"

एकोणचाळीस माणसं हसली. माझी माणसं. मी ज्यांच्यासाठी ट्रॅफिकवाल्यांशी भांडलो, ज्यांच्या पोरांच्या सुंतेला तांदूळ नेला, ती.

"उभ्या माणसाच्या अंगावरून पाणी निघून जातं," ती त्यांना सांगत होती, जणू मी तिथं नव्हतोच. "बसलेल्या माणसाच्या मांडीवर ते साचतं आणि वाट शोधतं. हा माल वाईट नाही, उभ्यानं कोबी विकायला उत्तम आहे. आणि पॅन्टला उजव्या पायाच्या आतल्या बाजूला जाड कापड लावून घ्या, सायलेन्सरला टेकली की वितळेल."

"तेह, दुरुस्त होईल का?" ओचिमनं विचारलं.

"होईल. आतून पट्टी लावून इस्त्री फिरवायची. पण शिवण हाडासारखी कोरडी पाहिजे, नाहीतर पट्टी धरत नाही." तिनं डोक्यावरच्या ताडपत्रीकडे बोट दाखवलं. तिच्या बोटावरून पाणी ओघळलं. "इथं कोरडं काय आहे ते तुम्हीच शोधा."

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. बारा जणांनी गाडा उचलला, बाकीच्यांनी बांबू, स्टूल, इस्त्री, बुरसटलेले गठ्ठे. पुलाखाली आल्यावर कोरडी जागा एकच होती. दोघांनी माझी गाडी उचलली आणि पुलाच्या कडेला, जिथं सांध्यातून पाणी गळतं, तिथं नेऊन उभी केली. मी म्हणालो, "अरे, ती जागा अड्ड्याच्या म्होरक्याची आहे." ओचिम म्हणाला, "कांग, अर्जावरची सही माझीही आहे. मला वाचता येतं, तरी वाचलं नाही. आता गप्प बस." तिथेच माझं म्होरकेपण संपलं. नंतर त्यांनी रीतसर ओचिमला निवडलं, पण तो नुसता उपचार होता.

तिनं आठवडाभर शिवणी चिकटवल्या. प्रत्येकाला सीटवर बसवून, पाणी ओतून, सिगारेटभर थांबवून मगच पॅन्ट परत दिली. एकोणचाळीस झाल्या. माझी मी दिलीच नाही. नाकानं कांदे सोलायची सवय अशी एका आठवड्यात जात नाही.

पण शेवटी गेलो. पाऊस कोसळत होता, मी मधोमध भिजलेला, आणि कोमलाबाईंना मी माझ्याच शेजारच्या ओचिमच्या गाडीवर बसताना पाहिलं होतं. दुरुस्ती मागायला जीभ वळेना, म्हणून म्हणालो, "एक नवा दे. चांगल्यातला."

तिनं एक पिवळा काढला, माझ्या मापापेक्षा दोन मापं मोठा. बाह्या ओढून दिल्या, गळ्याची पट्टी बसवली. मी सीटवर बसलो, हात पुढे केले. तिनं मांडीवर मगभर पाणी ओतलं. मी वाट पाहिली. पाणी मांडीवर थरथरत राहिलं आणि आत एक थेंबही आला नाही. किती दिवसांनी मी पावसात बसून कोरडा होतो, काय सांगू. मला खरंच बरं वाटलं. तिची माफी मागावी असंही मनात आलं. शब्द ओठांवर आलेच होते.

"झालं? उतरव," ती म्हणाली.

मी काढून दिला. तिनं तो पुसला, घडी घातली आणि परत दोरीवर टांगला.

"अगं, बांधून दे ना."

"तुला विकायचा नाही."

"माफ कर, तेह," मी म्हणालो. आता म्हणालो. "चुकलं माझं. अर्ज मी लिहिला होता."

"ठाऊक आहे. अर्ज दाखवला होता मला, अक्षर ओळखते मी तुझं."

"मग कधी विकशील?"

तिनं इस्त्री तापली का ते ओल्या बोटानं बघितलं. चर्र झालं.

"चौदा महिने मी बाहेर बसले," ती म्हणाली. "तू आजपासून मोजायला लाग."

हा पाचवा महिना चालू आहे. गावात रेनकोटची आणखी सहा दुकानं आहेत, आणि बायको रोज विचारते की त्यातल्या एखाद्यात का जात नाही. मी बोटांवर उरलेले महिने मोजतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच भिजत घरी येतो.